कर्णवेध : पाळीचा आणि कूर्चेचा

‘सोनारानेच कान टोचावेत’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. आईबापांनी शंभरदा सांगूनही जे मुलाच्या गळी उतरत नाही, ते एखाद्या त्रयस्थाने एकदा सांगितले की उतरते, असा तिचा अर्थ आपण घेतो आणि पुढे जातो. परंतु या म्हणीच्या मागे एक जुना, सर्वमान्य व्यवहार उभा आहे. कान टोचणे हे कोणीही, वाटेल तेव्हा, वाटेल तेथे उरकावयाचे काम नव्हे. त्याला जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि हातही ठरलेला, असे ती म्हण सांगते. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलावयाचे तर कृत्य, काल आणि अधिकारी या तिन्हींचा निर्देश तीत आहे.

ही म्हण आज आठवण्याचे कारण घरोघरचे आहे. बारशाला जिच्या पाळ्या टोचल्या, तीच मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी कानाची वरची कड टोचून घ्यावयाची म्हणते. मुलगा गणेशोत्सवात भिकबाळी घालण्याचा हट्ट धरतो. वडील मंडळी म्हणतात, ‘हे आपल्यात नाही.’ तरुण मंडळी उत्तर देतात, ‘बुगडी आपलीच ना? मग भिण्याचे कारण काय?’ दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आणि पुरत्या खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्याचा निवाडा करणे नेहमीच अधिक कठीण असते. म्हणून या प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडा तपासून पाहणे बरे.

कान हा फार जुन्या काळापासून खुणेचा अवयव आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात गुरांच्या कानांवर शस्त्राने खूण करण्यासंबंधीचे एक लहानसे सूक्त आहे. पाणिनीने एका सूत्रात अशा कर्णखुणांची नावेच दिली आहेत : आठ, पाच, मणी, भोक, छेद, स्रुवा, स्वस्तिक इत्यादी. पशूचा धनी कोण हे कळावे म्हणून या खुणा करीत, असे काशिकावृत्ती स्पष्ट सांगते. गुरे चोरीस गेली आणि वाद उभा राहिला, तर जनावराचा कान हाच दस्तऐवज. ही कल्पना इतर समाजांत माणसापर्यंत पोहोचली. यहुद्यांच्या ‘निर्गम’ या धर्मग्रंथात असा नियम आहे की सहा वर्षे चाकरी करून सातव्या वर्षी मोकळा होणारा दास ‘मला धन्याला सोडून जावयाचे नाही’ असे म्हणाला, तर त्याला दाराच्या चौकटीपाशी नेऊन धन्याने आरीने त्याचा कान टोचावा. मग तो कायमचा त्याचा दास. फारसीत आज्ञाधारक सेवकास ‘हल्का-ब-गोश’ म्हणतात. कानात कडी असलेला, हा त्याचा शब्दशः अर्थ.

आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या कानावर जी खूण केली ती स्वामित्वाची नव्हे, संस्काराची. तथापि हा संस्कारही अगदी आरंभापासूनचा नाही. बहुतेक प्राचीन गृह्यसूत्रांत कर्णवेध आढळत नाही. तो परिशिष्टांतून आणि उत्तरकालीन स्मृतींतून पुढे येतो. व्यासस्मृतीने जे सोळा संस्कार मोजले त्यांत त्याला स्थान मिळाले. पुढे तर निबंधकारांनी देवलाच्या नावावर असे वचन दिले की ज्या ब्राह्मणाच्या कानाच्या भोकातून सूर्यकिरण जात नाही, त्याच्या दर्शनानेच साठलेले पुण्य लयास जाते. काळाविषयीही एकमत नाही. कोणी दहावा, बारावा किंवा सोळावा दिवस सांगतो, कोणी सहावा-सातवा महिना, कोणी तिसरे किंवा पाचवे वर्ष. वकिलाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. रूढी आधी आली, ती समाजात स्थिरावली, आणि मग शास्त्राने तिला विधीचा दर्जा दिला. आपण पुष्कळदा समजतो तसे शास्त्र पुढे आणि लोक मागे, असे येथे घडलेले नाही.

या रूढीची सर्वांत रेखीव नोंद मात्र धर्मशास्त्रात नाही, वैद्यकात आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेला कान सांधण्याचा आहे. बालकाचे कान दोन कारणांसाठी टोचावयाचे, रक्षणासाठी आणि भूषणासाठी, असे सुश्रुत आरंभीच सांगतो. धर्म आणि हौस यांत त्याला विरोध दिसत नाही. मग विधी येतो. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, शुभदिवशी मूल आईच्या किंवा दाईच्या मांडीवर बसवावे. खेळणी दाखवून त्याला रमवावे. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा, सूर्यप्रकाशात जेथे कान पारदर्शक दिसतो ते दैवकृत छिद्र हेरावे, आणि उजव्या हाताने सावकाश व सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आले किंवा वेदना फार झाली, तर जागा चुकली असे समजावे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरांची नावे देऊन, त्या विद्ध झाल्या तर ज्वर, सूज, मान धरणे इत्यादी काय काय उपद्रव होतात तेही तो सांगतो. टोचून झाले की भोकात कापसाची वात घालावी, तेल सोडावे, आणि दर तिसऱ्या दिवशी वात थोडी जाड करीत जावी.

या वर्णनात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की हा सारा विधी मऊ पाळीचा आहे. कान, नाक, मान आणि नेत्रकोश येथील अस्थींना सुश्रुत शारीरस्थानात ‘तरुण’ असे वेगळे नाव देतो. आज आपण जिला कूर्चा म्हणतो ती हीच. भूषणासाठी सुई घालावयाची ती मात्र जेथून ऊन आरपार दिसते अशा मांसल जागी. दुसरी गोष्ट ही की टोचणाऱ्याचे काम टोचण्याने संपत नाही. दर तिसऱ्या दिवशीची ती वात हेच कर्णवेधाचे खरे अंग आहे.

भोक वाढवून त्यात जड भूषणे घालण्याच्या हौसेने पाळ्या फाटत. म्हणून त्याच अध्यायात कान सांधण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक अशी त्यांची आकारावरून पडलेली नावे आहेत. पाळी अजिबात उरली नसेल तर गालाचे मांस, त्याचा मुळाशी असलेला संबंध न तोडता, वळवून तेथे बसवावे असे तो सांगतो. आणि त्याच ओघात कापलेले नाक पुन्हा घडविण्याची कृती येते. ही विद्या पुढे लुप्त झाली असे नाही. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. ती हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली, आणि तीवरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया केली. ज्या शल्यकर्माचा आज जगभर गौरव होतो, त्याच्या मुळाशी बाळाच्या कानात डूल घालण्याची हौस आणि त्या हौसेतून फाटलेला कान आहे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

सुश्रुताच्या ग्रंथात सुई वैद्याच्या हाती आहे. आपल्या म्हणीत ती सोनाराच्या हाती आहे. हे हस्तांतर कसे झाले ते समजणे अवघड नाही. बारीक तार काढणे, तिला टोक आणणे, ती न थरथरता नेमक्या जागी नेणे, हे सोनाराचे नित्याचे काम. तो सोन्याची तारच पाळीतून काढून तेथल्या तेथे वळवी. त्यामुळे सुई तीच आणि भूषणही तेच. सोने गंजत नाही. वर हळद आणि खोबरेल. बारशाच्या दिवशी सोनाराला घरी बोलवावयाचे, त्याच्यापुढे तांदूळ, नारळ, दक्षिणा ठेवावयाची आणि मग बाळ आजीच्या मांडीवर द्यावयाचे, हा क्रम गोमंतकापासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंत मराठी घरांना परिचित आहे. गोमंतकात तर सोनाराला ‘शेट’ म्हणूनच हाक मारतात. परंतु त्याच्या अधिकाराचा खरा आधार त्याचे कौशल्य एवढाच नव्हता. तो गावातच राहणारा होता. कान पिकला तर आठव्या दिवशी आई बाळाला घेऊन त्याच्याच दुकानाच्या पायरीवर उभी राहणार, हे त्यालाही ठाऊक असे आणि तिलाही.

येथपर्यंत पाळीचा इतिहास झाला. कूर्चेचा इतिहास याहून निराळा आहे, आणि तो बहुतांशी ग्रंथांत नसून दागिन्यांच्या डब्यात आहे. मराठी स्त्रीच्या कानाचे प्रत्येक स्थान ठरलेले होते. पाळीत कुडी किंवा कर्णफूल, त्याचा भार तोलून धरण्यासाठी केसांत अडकविलेला वेल, आणि कानाच्या वरच्या कडेला बुगडी. कन्नडातही ती ‘बुगुडी’च आहे, बेळगाव, धारवाड, कारवार या पट्ट्यात भाषा बदलली तरी कानाची वरची कड एकच नाव सांगते. १९५९ साली आलेल्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातील आशा भोसले यांनी गायिलेल्या लावणीमुळे तर ज्यांनी बुगडी कधी पाहिली नाही त्यांनाही ती माहीत झाली. तेव्हा वरचा कान टोचणे हे परदेशी खूळ आहे, हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप टिकत नाही. पण बुगडीच्या भोकाला मंत्र नाही, मुहूर्त नाही, सोळा संस्कारांत जागा नाही. ते भोक हौसेचे, ऐपतीचे आणि समजत्या वयाचे आहे. पाळी घराण्याच्या रीतीने टोचली जाई, वरची कड पुष्कळदा त्या स्त्रीच्या स्वतःच्या हौसेने.

पुरुषांकडे पाहिले तर हाच भेद अधिक ठळक दिसतो. पेशवाईतील पुरुषांच्या चित्रांत कानांतील मोती सहज नजरेत भरतात. मोत्यांचा चौकडा हे दरबारी मानाचे लेणे होते. भिकबाळी ही त्याहून घरगुती गोष्ट. कानाच्या वरच्या भागी घालावयाची ही मोत्यांची बाळी, नावाप्रमाणे, भिकेच्या पैशाची. ज्या घरात मुले जगत नसत तेथे नवसाने झालेल्या मुलासाठी चार घरी भीक मागून त्या पैशातून बाळी करीत, म्हणजे हे मूल आपले नव्हे, मागून आणलेले आहे, असे समजून काळ त्याच्याकडे दृष्टी टाकणार नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. भिकाजी, धोंडू, दगडू, नाक टोचलेला नथू, ही नावे त्याच भीतीतून आली. ज्या काळी घराघरातून पाळणे रिकामे होत, त्या काळच्या आईबापांनी मुलाच्या कानात अडकविलेली ती एक विनवणी होती. तीच भिकबाळी पुढे श्रीमंतीचे चिन्ह झाली, हा काळाचा विनोद म्हणावयाचा. २०१५ सालच्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटानंतर ती पुन्हा तरुणांच्या कानी चढली. आणि आता तर भोक न पाडता नुसती दाबून बसविण्याची भिकबाळीही बाजारात मिळते.

तथापि कूर्चा आणि संकल्प यांचे नाते सर्वांत कठोरपणे जोडले ते नाथपंथाने. कानफाटे योगी पाळी टोचीत नाहीत. कानाच्या मधल्या कूर्चेला दुधारी सुरीने चीर देऊन तीत मोठी कुंडले घालतात. त्यांनाच मुद्रा किंवा दर्शन म्हणतात. ती गेंड्याच्या शिंगाची, काचेची, मातीची, अकीकाची किंवा सोन्याची असतात. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांनी या पंथावर १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा विधी तपशिलाने दिला आहे. शिष्याला चीर एकदम मिळत नाही. तो आधी औघड म्हणून राहतो. त्याचा निश्चय टिकतो असे दिसले म्हणजे गुरू चीर देतो. मग जखमेत कडुनिंबाची काडी, कडुनिंबाच्या पाण्याने धुणे, आणि जखम भरेपर्यंत एकांत. त्यानंतरच तो दर्शनी योगी होतो. कान फाटून मुद्रा निसटली तर त्याचे पंथातील स्थानच गेले असे मानीत. इतकी मोठी किंमत असल्यामुळे ही चीर कोणी गंमत म्हणून घेत नसे. हा पंथ आपल्या वाचकांना दूरचाही नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर योग्यांची झुंडी तेथून पायी निघते, ती मंगळुरास कदरीच्या मठापर्यंत जाते, आणि तेथे पुढील बारा वर्षांसाठी नवा मठाधिपती गादीवर बसतो.

या संदर्भात महाराष्ट्राने केलेली एक निवड मनाला विचार करावयास लावते. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी नाथपंथीच. परंतु वारकऱ्यांच्या हाती ती परंपरा आली तेव्हा तिने फाटलेला कान मागे ठेवला आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. ज्ञान तेच राहिले, खूण बदलली. खूण ही पवित्र असते ती तिच्या मागच्या निश्चयामुळे; निश्चय असेल तर खूण बदलूनही परंपरा चालू राहते, आणि नसेल तर कानाला कितीही भोके पाडून ती येत नाही.

प्रौढ माणसाने स्वतःच्या निश्चयाने कान टोचून घेतल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मोगल इतिहासात आहे. १६१४ साली आजारातून उठल्यावर बादशहा जहांगीर याने अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्याविषयीच्या भक्तीने आपले कान टोचून मोती घातले. मी मनाने त्यांचा सेवक आहे, तर ते उघडपणे दिसावे, असा त्याचा भाव होता. मागे सांगितलेली ‘कानात कडी असलेला सेवक’ ही कल्पना त्याने आपल्यालाच लावून घेतली. दरबारातील पुष्कळांनी लगेच आपले कान टोचून घेतले. एकाचा नवस होता तो दुसऱ्या दिवशी इतरांची फॅशन झाली. मनुष्यस्वभाव तेव्हाही असाच होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंडविधानात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, दुसऱ्याच्या शरीरास वेदना देणे ही दुखापतच आहे. मग बारशाला कान टोचणारा सोनार गुन्हेगार का ठरत नाही? कारण बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्भावनेने केलेल्या कृत्याला कायदा संरक्षण देतो. दुसरीकडे, अठरा वर्षांवरील व्यक्तीने स्वतः संमती दिली असेल, आणि मृत्यूचा किंवा जबर दुखापतीचा हेतू वा जाणीव नसेल, तर तेही कृत्य अपराध होत नाही. या दोन तरतुदींच्या मध्ये बारापासून अठरापर्यंतची वर्षे राहतात. आणि वरचा कान टोचण्याची इच्छा नेमकी याच वर्षांत होते. येथे कलमांपेक्षा घरातील मोकळे बोलणे अधिक उपयोगी. नुसते ‘नाही’ म्हटले तर मुलगी मैत्रिणीबरोबर जाऊन गुपचूप टोचून येते आणि कान पिकला तरी केसांखाली लपविते. त्या लपविण्यातच खरा धोका आहे.

तो धोका का, हे सांगितले पाहिजे; कारण पाळी आणि कूर्चा यांचे शरीरशास्त्र एक नाही. पाळी मांसल आहे; तीत रक्त भरपूर खेळते, म्हणून ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावर घट्ट बसलेल्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. म्हणून ती भरून यावयास कित्येक महिने, कधी वर्षभरही लागते. आणि तेथे जंतूंनी एकदा ठाण मांडले, आवरणाखाली पू झाला, की पोषण तुटून कूर्चा मरते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. फाटलेली पाळी शल्यवैद्य सहज शिवतो. मेलेली कूर्चा पुन्हा उभी करावयाची तर बरगडीची कूर्चा काढून कोरावी लागते.

बाजारपेठेतील पुष्कळ दुकानांत स्प्रिंगच्या जोराने खडा ठोकणारे जे यंत्र वापरतात, ते मुळात पाळीसाठी केलेले आहे. त्यातील खड्याची दांडी सुईसारखी तीक्ष्ण नसते. ती कूर्चेला छेदीत नाही, चेपीत जाते. शिवाय प्लॅस्टिकचे यंत्र वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका लहानशा दुकानात वरचा कान टोचून घेतलेल्यांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाला. तपासात सात रोगी निश्चित आणि अठरा संशयित आढळले, आणि दोष सापडला तो जंतुनाशकाच्याच दूषित बाटलीत. ज्या बाटलीवर विश्वास ठेवला तीच फितूर निघाली. २००४ साली हा वृत्तांत अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याच्या उलट टोकाला, कान टोचल्याने अमुक रोग बरा होतो असे सांगणारेही भेटतात. सुश्रुताने अंत्रवृद्धीवर कानाजवळची शीर वेधण्यास सांगितले आहे खरे, पण आजच्या कसोटीवर त्याला पुरावा मिळालेला नाही. कानाच्या आतल्या वळीला टोचल्याने अर्धशिशी जाते, या नव्या समजुतीची तीच गत आहे. साक्षीदार जुना आहे एवढ्याने त्याची साक्ष खरी ठरत नाही. आणि तो नवा आहे, इंग्रजी बोलतो, एवढ्यानेही नाही.

आता उभय पक्षांना काय सांगावे? वडीलधाऱ्यांना हे की वरचा कान टोचणे आपल्या रीतीबाहेरचे नाही. बुगडी लेवून देवळात जाणाऱ्या आज्या आपल्याच होत्या. देवाने त्यांना परत पाठविले नाही. तरुणांना हे की जुनी रीत असल्याने ती गोष्ट निर्धोक होत नाही. आजीची बुगडी दाखवावयाची असेल तर ती टोचल्यानंतर कित्येक महिने तिने घेतलेली निगाही दाखविली पाहिजे. एकदाच वापरावयाची पोकळ सुई, निकेल नसलेले सोने किंवा टायटॅनियम, स्वच्छ मिठाच्या पाण्याने धुणे, भूषण उगाच फिरवीत न बसणे, त्या कुशीवर न झोपणे, या साध्या गोष्टी आहेत. कानाचा वरचा भाग लाल होऊन तापू लागला, सुजून ठणकू लागला, तर घरगुती लेप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ज्यांच्या जखमांवर गाठाळ व्रण उठतात त्यांनी आधीच सल्ला घ्यावा. आणि ज्याला मिरवणुकीपुरतीच भिकबाळी हवी आहे, त्याने दाबून बसविण्याची घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

सुई वैद्याच्या हातून सोनाराच्या हाती गेली, आणि सोनाराच्या हातून यंत्र धरणाऱ्या दुकानातील नोकराच्या हाती. हस्तांतराला हरकत नाही. काळाबरोबर अधिकारी बदलतातच. सोनारालाही आता निर्जंतुक सुई वापरावीच लागेल. हरकत आहे ती इतकीच की अधिकाराबरोबर जबाबदारीचेही हस्तांतर व्हावयास हवे होते, ते झाले नाही. वैद्य दर तिसऱ्या दिवशी वात बदलीत असे. गुरू जखम भरेपर्यंत शिष्याला नजरेआड करीत नसे. सोनाराची पायरी आठव्या दिवशीही तेथेच असे. पैसे घेऊन ‘पुढचा’ म्हणणारा नोकर मात्र पुढच्या महिन्यात त्या दुकानात असेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून म्हण बदलण्याचे कारण दिसत नाही. तिचा अर्थ तेवढा नीट समजून घ्यावा. सोनार म्हणजे जातीने सोनार असा आग्रह आज कोणी धरणार नाही. ज्याला जागा ओळखता येते, ज्याचे हत्यार स्वच्छ आहे, आणि कान दुखू लागल्यावर ज्याच्या दारी पुन्हा जाता येते, तो सोनार. असा हात मिळाला, टोचून घेणाऱ्याचा स्वतःचा विचार पक्का असला, आणि पुढचे सहा-आठ महिने निगा राखण्याची तयारी असली, तर वरच्या कानात बुगडी घालावी की भिकबाळी हे ज्याचे त्याने खुशाल ठरवावे. त्याहून अधिक बंधन घालण्याचा अधिकार शास्त्राने दिला नाही, कायद्यानेही नाही.